पहिला तुकडा कोणी खायचा

ग्वाल्हेरात सिंघाडा दोन तऱ्हेचा मिळतो. एक उपासाला चालतो आणि दुसऱ्याला मिशा असतात. हा मिशावाला सिंघाडा आत्ता उषाताईंच्या ओट्यावर आडवा पडला होता, आणि हातात सुरी घेऊन उषाताई त्याच्याकडे बघत होत्या. घरातलं सगळं दुखणं जसं काही त्यानेच आणलं होतं.

"मेल्या, आज तरी नीट वाग," त्या त्याला म्हणाल्या.

नीट वागेल तर तो सिंघाडा कसला! एका हाताने धरावं तर बुळबुळीत अंग सुटून ओट्याच्या कडेला जायचं, दोन्ही हातांनी धरावं तर सुरी कोणी चालवायची? मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यात कुणी एक गोरापान आचारी, पांढरी टोपी घालून, हसत हसत मासा साफ करून दाखवत होता. त्याचा मासा कसा गुणी बाळासारखा पडून होता. उषाताईंना त्या आचाऱ्याचाही राग आला. सकाळपासून त्यांना ज्याचा राग आला नाही असं कोणीच उरलं नव्हतं.

"आईसाहेब, मैं खिडकी खोल दूँ?" दारातून सुनेचा आवाज आला. नाकाला ओढणी लावून गरिमा उंबऱ्याच्या पलीकडेच उभी होती. "मला ना, फार वास येतोय."

"उघड बाई, उघड. आणि तू आत येऊच नकोस. एकाला सलाइन लावून झालंय तेवढं पुरे."

गरिमाचा तरी काय दोष. तिच्या माहेरी सगळे सत्संगी, लसणाची पाकळीसुद्धा घरात नाही. सासरी आली तेव्हा तिला सांगितलं होतं, की मासमच्छी घरात होते पण खाली स्वयंपाकघरात नाही, वर गच्चीवर होते, आणि ती पुरुषमाणसं करतात. खोटं नव्हतंच ते. इंगळ्यांच्या घरातली ती रीतच होती. पणजोबा पागेतले शिलेदार, आजोबा फौजेत, आणि जगदेवराव स्वतः सिंचन खात्यात नोकरी करून निवृत्त झाले असले तरी रविवारी गच्चीवर सिगडी पेटवली की अंगात शिलेदार यायचा. भांडी वेगळी, पाटा वेगळा, सुरी वेगळी. बायकांनी खाली भाकऱ्या थापायच्या आणि वरून येणाऱ्या वासावर समाधान मानायचं, किंवा नाक मुरडायचं, जिची तिची खुशी.

त्या सिगडीचे दोन कायदे होते. पहिला, बाजारात कापलेला मासा या घरात यायचा नाही. मासा अख्खा आणायचा आणि आपल्या हाताने साफ करायचा. दुसऱ्याच्या सुरीला काय काय लागलेलं असतं, देव जाणे. दुसरा कायदा, कढई उतरली की पहिला तुकडा रांधणाऱ्याने सिगडीपाशी उभ्या उभ्या खायचा, मगच तो दुसऱ्याच्या ताटात पडायचा. फौजेतली रीत, म्हणे. शत्रूच्या मुलखात मुदपाकखान्यावर भरवसा ठेवायचा नाही. आता ग्वाल्हेरच्या या खासगी बाजार मोहल्ल्यात कुठला शत्रू आणि कुठला मुलूख! खाली बांगड्यांचं दुकान, समोर शिंपी. तरी जगदेवराव तो तुकडा तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे, आणि सगळं घर त्यांचे डोळे उघडायची वाट बघत थांबायचं.

आणि जीभ तरी काय होती त्या माणसाची! एक घास खाऊन सांगायचे, हा तिघऱ्याच्या धरणातला, हा हरसीचा. लग्नाकार्यात आचारी त्यांना बोलवून न्यायचे, "रावसाहेब, जरा रस्सा बघता का?" उषाताईंची उभी हयात त्या जिभेला खाऊ घालण्यात आणि त्या जिभेची बोलणी खाण्यात गेली होती. वरणात हिंग चिमूटभर जास्त पडला तरी त्यांना कळायचं, आणि कळलं की ते सांगितल्याशिवाय राहायचे नाहीत.

तोच माणूस आता पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. आतड्याचं ऑपरेशन झालं, छान झालं, टाके वाळले. पण औषधांनी तोंड जे कडू झालं ते झालं. डॉक्टर म्हणाले होते, या गोळ्यांनी असं होतंच, बंद झाल्यावरही काही दिवस राहील, काळजी करू नका. गोळ्या बंद झाल्या. जगदेवराव भाताची पेज प्यायचे, चहा अर्धा घ्यायचे, आणि "कशाला चव नाही" म्हणून आडवे व्हायचे. अंड्याचा वास नको, पनीर पोटात फुगतं, डाळीच्या पाण्याला हात लावेनात. गालाची हाडं वर आली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी वजन बघितलं आणि चेहरा गंभीर केला. म्हणाले, अंगात ताकद भरली नाही तर आतली शिवण धरायची नाही. सोमवारी या. तोवर नीट जेवायला लागले नाहीत तर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल.

जगदेवरावांनी त्या वेळी एवढंच विचारलं, "मासा चालेल?"

"चालेल की! पांढरा मासा, हलका. तेल नाही, मिरची नाही, मसाला नाही. भाज्यांच्या पाण्यात शिजवून द्या."

तेव्हा उषाताईंना देव भेटल्यासारखं झालं होतं. त्यांना कुठे माहीत होतं पुढे काय वाढून ठेवलंय ते!

मुलाने, विक्रमसिंहाने, गुडगावहून लगेच व्हिडिओ पाठवला. त्याला सुट्टी मिळत नव्हती, पण व्हिडिओ मिळत होते. "आई, एकदम सोपं आहे. यू जस्ट उकळव वेजिटेबल्स, हर्ब्स टाक, फिश टाक, दस मिनट में रेडी." त्यातला पाला निम्मा इंग्रजी, निम्मा ओळखू न येणारा. उषाताईंनी आपल्या अकलेने सोय केली: गाजर, टोमॅटो, पातीचा कांदा, आल्याचा तुकडा, कोथिंबिरीच्या काड्या, चार पानं पुदिना आणि शेपू. इथे सगळे त्याला सोया म्हणतात आणि जानेवारीत त्याच्या जुड्या रस्त्यावर ढिगाने पडलेल्या असतात. भाज्यांचं पाणी मंद आचेवर मुरवायचं, गाळायचं, आणि त्यात माशाचे तुकडे सोडून झाकण ठेवायचं. फोडणी नाही! जन्मात त्यांनी फोडणीशिवाय काही शिजवलं नव्हतं. आजारी पातेलं म्हणायच्या त्या त्याला मनातल्या मनात.

पण करायचं कोणी? गच्चीवरचा शिलेदार अंथरुणात. मुलगा गुडगावला. गरिमा उंबऱ्याबाहेर. राहिल्या उषाताई, आणि त्यांनी तर मासमच्छी सोडून युग लोटलं होतं. विक्रम लहान असताना टायफॉइडने हातचा जायला आला होता, तेव्हा त्या अनवाणी मांढरेच्या मातेच्या टेकडीवर चढून गेल्या आणि पायरीवर डोकं टेकवून म्हणाल्या, "माझं पोर मला दे, मी मासमच्छी तोंडाला लावणार नाही." पोर उठून बसलं. त्यांनी शब्द पाळला. गच्चीवरून वास आला की तोंडाला पाणी सुटायचं, खोटं कशाला बोला, पण त्यांनी बोटसुद्धा चाटलं नाही.

तर अशा बाईने सिंघाडा रांधायचा, आणि तोही खाली ओट्यावर, कारण गच्चीवरची सिगडी काही त्यांच्याने पेटायची नाही. रिक्षा करून त्या मुरारला गेल्या. बाथम मच्छीवाल्याने मासा तोलला आणि विचारलं, "अम्मा, काट दूँ? साफ कर दूँ?"

"नहीं भैया, साबुत दो. हमारे यहाँ बाजार का कटा नहीं चलता," असं उषाताईंनी मान ताठ करून सांगितलं. कायदा तो कायदा. माणूस आजारी पडला म्हणून त्याच्या घरच्या रीती आजारी पडत नाहीत.

जगदेवरावांना मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते टाके सांभाळत उठून आले असते नाहीतर हसले असते, आणि दोन्ही त्यांना नको होतं. पहिल्या दिवशी वाटी नेऊन दिली. त्यांनी चमचा तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू."

"औषधाचं असेल. डॉक्टरांनी सांगितलंय ना! थोडं थोडं घ्या."

दोन चमचे घेतले, वाटी सरकवली. दुसऱ्या दिवशी तेच. वर म्हणाले, "बाजारातून कापून आणला असशील. तुला काय त्यातलं." उषाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे बोटं कापली, ओटा तीनदा घासला, हाताचा वास साबणाने जाईना म्हणून लिंबू चोळलं, आणि हा माणूस म्हणतो, बाजारातून! पण त्या तशाच वाटी घेऊन परत आल्या. आजारी माणसाशी काय भांडायचं. तिसऱ्या खेपेला गाजर जास्त घातलं, गोडी येईल म्हणून. "कडू." आलं वाढवलं. "कडू." पुदिना काढला. "कडू, कडू, कडू!"

आणि आज रविवार. उद्या सोमवार.

उषाताईंनी पदर खोचला, दात ओठ खाल्ले आणि सिंघाड्याच्या पोटात सुरी खुपसली. चांगली खोल खुपसली. पोटातलं काय ते हाताने ओढून काढलं, नळाखाली धुतलं, तुकडे केले. भाज्यांचं पाणी आधीच मुरत होतं. वास तर काय सुरेख येत होता! शेपूचा, पातीच्या कांद्याचा, कोवळ्या गाजराचा. तुकडे सोडले, ते पांढरेशुभ्र झाले, झाकण ठेवलं. हे खाल्लं नाही तर आपण भिंतीवर डोकं आपटून घेऊ, असं त्यांनी ठरवून टाकलं.

जगदेवराव उठून बसले. गरिमाने पाठीशी उशी दिली. खिडकीतून ऊन गुडघ्यांवर आलं होतं. त्यांनी वाटीवर नाक नेलं, वास घेतला, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जुने रविवार आले. उषाताईंनी ते बघितलं.

चमचा तोंडात गेला. चेहरा आंबला. त्यांनी घास कसाबसा गिळला आणि वाटी दोन्ही हातांनी पलंगाच्या कडेला ठेवली.

"ने."

"अहो, एक तुकडा तरी..."

"ने म्हणतो ना." ते रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "उद्या नळी घालू देत त्यांना. माझं काही म्हणणं नाही."

"असं काय बोलता?"

"वास येतो चांगला. तोंडात गेलं की विष. जीभच मेली माझी, उषा. तू कशाला मरमर करतेस? जीभ नाही त्याला नळी काय आणि तोंड काय." आणि ते पुन्हा भिंतीकडे वळायला लागले.

गरिमा हळूच म्हणाली, "आबासाहेब, थोड़ा ट्राय तो करो ना..."

उषाताईंच्या आत इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या वळणाऱ्या पाठीकडे बघून उसळून वर आलं. मुरारच्या रिक्षा, कापलेली बोटं, विक्रमचे व्हिडिओ, रात्री त्यांच्या उशाशी बसून बरगड्या बघणं, आणि या माणसाचं हे निमूटपणे हार मानणं. जन्मभर मीठ कमी, हिंग जास्त म्हणून ज्याने जीव नकोसा केला, तो आता म्हणतो, माझं काही म्हणणं नाही!

"काय कडू कडू लावलंय!" त्या ओरडल्या. गरिमा दचकून मागे सरली. "विष घातलंय का मी? हाताची सालटी निघाली माझ्या! लहान पोरासारखं तोंड फिरवता? खायचंच नाही म्हणून सांगा ना सरळ! हे बघा, हे बघा, मी खाते! मरते का बघा!"

आणि त्यांनी वाटी उचलली, चमचाभर रस्सा, त्यात चांगला ठसठशीत तुकडा, आणि घातला तोंडात. त्या घटकेला त्यांना माता आठवली नाही, टेकडी आठवली नाही, काही आठवलं नाही.

गरिमाचा हात तोंडाकडे गेला. जगदेवराव अर्धवट वळलेले, तसेच राहिले. त्यांना नवस ठाऊक होता. गच्चीवरून दरवेळी तेच विचारायचे, "उषा, आज तरी?" आणि खालून नकार यायचा.

उषाताईंनी एकदा चावलं. दुसऱ्यांदा चावलं. त्यांचे डोळे मोठे झाले, नाक वर गेलं, आणि त्यांनी धावत जाऊन मोरीत थू थू करून सगळं थुंकलं. चूळ भरली. पुन्हा चूळ भरली. मग ओल्या तोंडाने दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "कडूच आहे की हो!"

"तेच तर..."

"नाही, तसं नाही! खरंच कडू आहे! मला कडू लागलं! कडू जहर आहे, माझ्या घशापर्यंत गेलंय!" त्या एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या, आणि स्वतःवरच चिडल्या होत्या. "मी कुठे गोळ्या खाल्ल्यात? माझी जीभ कुठे मेलीय?"

जगदेवराव हळूहळू उठून बसले. उशीचा आधार न घेता बसले. त्यांनी वाटी जवळ ओढली, एक तुकडा बोटाने उलटा केला, पालथा केला. पोटाकडच्या बाजूला हिरवट पिवळा डाग होता, हळदीचं बोट लागावं तेवढाच.

"मासा कोणी कापला?"

"मी."

"तू?"

"मग कोण? बाजारात कापलेला या घरात येत नाही ना! रोज मीच कापते."

"रोज?" त्यांनी बायकोच्या बोटांवरच्या पट्ट्या बहुतेक आत्ता पहिल्यांदा बघितल्या. मग त्यांचा आवाज चढला. दुखणं आल्यापासून पहिल्यांदा चढला. "अगं बाई, पित्त फोडलंस तू! पोटात पित्ताची पिशवी असते, ती फुटली की सगळा मासा कडू! रोज फोडलीस? रोज? मला वाटलं, बाजारात कापलाय म्हणजे साफ तरी असेल, म्हणून मी आपला जिभेला दोष देत बसलो! आणि पहिला तुकडा कोणी खाल्ला? पातेलं उतरल्यावर पहिला तुकडा खायचा असतो ना गं रांधणाऱ्याने!"

"मी कशी खाणार? माझा नवस!"

जगदेवरावांनी वाटी हळूच बाजूला सरकवली.

"जमतील त्या सगळ्या रीती पाळल्या हो तुमच्या," उषाताई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं. "तेवढी एक राहिली."

गरिमाने विचारलं, "तो अब? फ्रीज में एक और पड़ी है ना, आईसाहेब? तुम्ही काल दोन आणल्या होत्या."

"आण," जगदेवराव म्हणाले आणि त्यांनी पाय पलंगाखाली सोडले.

भिंत धरत, मध्येच थांबत, ते स्वयंपाकघरापर्यंत आले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच तिथे आले होते. स्टुलावर बसले. सुरी हातात घेऊन बघितली, पण हात थरथरत होता. तो त्यांनी थोडा वेळ नुसता बघितला आणि सुरी बायकोपुढे धरली.

"तूच काप. मी सांगतो. शेपटीकडून सुरुवात कर. टोक आत खुपसू नकोस! अगं, खून करतेस का त्याचा? नुसती कातडी चिर. पातं वर, पातं वर!"

"ओरडू नका माझ्यावर, हात सटकतो!"

"मग नीट धर. मीठ लाव बोटांना, बुळबुळ जाते. हां. आता डोक्याकडे ये. सावकाश. थांब! ते बघ. काळजाला चिकटलंय ते, हिरवं, द्राक्षाएवढं."

उषाताईंनी वाकून बघितलं. होतं खरंच. इवलीशी, गच्च भरलेली हिरवी पिशवी. इतके दिवस त्या हीच बिनदिक्कत ओढून फोडत होत्या. एवढ्याशा गोष्टीने नवऱ्याला नळीपर्यंत नेऊन ठेवलं होतं. त्यांना हुंदका आला, पण सुरी हातात असताना रडायची सोय नव्हती.

"ओढू नकोस. काळजासकट धर, मुळाशी चिमटीत, आणि कापून उचल. श्वास घेऊ नकोस."

उषाताईंनी श्वास घेतला नाही. उंबऱ्यावर गरिमानेही घेतला नाही. पिशवी अख्खी बाहेर आली, ताटलीत पडली आणि फुटली नाही.

"शाबास!" जगदेवराव म्हणाले, आणि दमून भिंतीला टेकले.

गरिमाने त्यांना धरून परत पलंगावर नेलं. उषाताईंनी नवं पाणी ठेवलं. गाजर, टोमॅटो, पात, आलं, काड्या, शेपू. यावेळी घाई केली नाही. पाणी मुरू दिलं, गाळलं, तुकडे हलक्या हाताने सोडले आणि आच बंद करून झाकण घातलं. झाकण काढलं तेव्हा तुकडे पाकळ्या सुटण्याइतके शिजले होते आणि पाण्यावर शेपूचा हिरवा वास तरंगत होता.

मग त्या पातेल्यापाशी उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि मांढरेच्या मातेच्या दिशेने, म्हणजे फ्रीजच्या दिशेने, हात जोडले. "मघाशी रागात मोडला, आई. आता शुद्धीवर मोडते. पोर तू दिलंस. आता हा माणूस दे. पाहिजे तर दुसरं काही सोडीन, साखर सोडीन, पण हे खाऊ दे." आणि पहिला तुकडा त्यांनी उभ्या उभ्या खाल्ला.

गोड होता. ताजा, मऊ, गोड मासा. इतक्या वर्षांनी जिभेला ती ओळख पटली आणि त्यांना गच्चीवरचे सगळे रविवार एकदम आठवले. कडूपणा नावालाही नव्हता. फक्त मीठ कमी होतं. चांगलंच कमी होतं. सवयीनेच त्यांनी मिठाचा डबा जवळ ओढला, झाकण उघडलं, चिमूट भरली.

आणि त्यांचा हात हवेत थांबला.

चिमूट परत डब्यात टाकली. झाकण लावलं. डबा तिथेच ओट्यावर ठेवला, वाटी भरली आणि बाहेर आल्या.

जगदेवराव वाट बघत होते, पण वाटीकडे बघायला धजत नव्हते. पुन्हा कडू लागलं तर पुढे काही उरलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. उषाताईंच्याही. आता दोष द्यायला पित्त नव्हतं.

"तू खाल्लास पहिला?"

"खाल्ला."

"कसा आहे?"

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

त्यांनी चमचा भरला. थोडा रस्सा शालीवर सांडला. घास तोंडात गेला आणि त्यांनी डोळे मिटले. गरिमा ओढणीचं टोक पिळत उभी होती. उषाताईंनी पलंगाचा दांडा घट्ट धरला होता. खाली बांगडीवाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता, त्याचा शब्द न् शब्द वर ऐकू येत होता. जगदेवराव सावकाश चावत राहिले, पुन्हा चावत राहिले, आणि त्यांचे डोळे काही उघडेनात. तो मेला बांगडीवाला गप्प का बसत नाही, असं उषाताईंना वाटलं.

मग जगदेवरावांच्या कपाळाला ती जुनी आठी पडली. लग्न झाल्यापासून त्या आठीने उषाताईंना छळलं होतं.

"मीठ कमी आहे," जगदेवराव म्हणाले.

"गरिमा!" उषाताई एवढ्या जोरात ओरडल्या की खालची हुज्जत थांबली. "मिठाचा डबा आण गं! तुझ्या सासऱ्यांना मीठ कमी लागतंय!"